पोट भरल्याचा निरोप

मंडळी, जिन्यात उभे आहेत त्यांनीही आत या, सरकून घेऊ. मी सुहासची मोठी बहीण, शैला. वडाळ्याहून इथं लालबागला येताना काय बोलायचं ते लिहून आणलं होतं. कागद हातात आहे, पण वाचवत नाही. त्यात सगळं चांगलं-चांगलंच लिहिलंय.

मघाशी कुणीतरी म्हणालं, "वजनानंच नेला." कोण, ते विचारत नाही. मीही जन्मभर तेच बोलत आले. जेवायला बसला की, "सुहास, पुरे." लग्नाच्या पंगतीत, "सुहास, पुरे." तुम्ही त्याला ढोल्या म्हणायचात, तो हसायचा. मसाला कुटायच्या डंकावर दिवसभर उभा राहणारा माणूस, आणि आपण त्याला आळशी म्हणायचो. म्हणायचो की नाही?

मागच्या वर्षी तो दादरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेला. थुंकी तपासून, जनुकं बघून, ज्याला जे मानवेल तसा आहार ठरवतात म्हणे. मी म्हटलं, "हे काय नवीन खूळ?" थुंकी भरायची नळी घरी आली. भरण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नव्हतं. आणि आमची आई! चांगलं काम म्हणून हातावर दही-साखर. "झिला, नाय म्हणू नको." यानं खाल्लं, गुपचूप नळी भरली, आणि नमुना बाद होऊन परत आला. दुसऱ्यांदा आईला चुकवून डंकावर भरली, मिरच्यांच्या ठसक्यात. आई, रडू नकोस गं. हसायची गोष्ट आहे ती.

रिपोर्ट घेऊन तो माझ्याकडे आला. "ताई, पोट भरल्याचा निरोप माझ्या डोक्यात उशिरा पोचतो म्हणे. घराण्यातूनच आलंय. तसा कल आहे, एवढंच. सांभाळता येतं." मग म्हणाला, "म्हणजे मी हावरट नव्हतो ना गं?" बेचाळीस वर्षांचा माणूस हे विचारतोय. आणि मी काय बोलले? म्हटलं, "ते ठीक आहे, पण तोंडावर ताबा ठेव."

ठेवला त्यानं. बाईंनी घरचंच दिलं होतं. आधी कुळथाचं कढण, मग बांगडा आणि भाजी, भात शेवटी आणि थोडाच. सावकाश जेवायचं, निरोप पोचेपर्यंत थांबायचं. त्याची लेक मुक्ता समोर बसून विचारायची, "पप्पा, आला का निरोप?" दोघं हसत बसायची. पट्टा दोन भोकं आत गेला होता. आपल्यापैकी कुणी बघितलं?

आता जे बोलायचंय ते बोलते. जायच्या आधी दोन दिवस त्याच्या छातीत दुखत होतं. नीता, त्याची बायको, डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती. गेला नाही. कान दुखतो म्हणून गेला तरी त्याला "आधी वजन कमी करा" हेच ऐकावं लागायचं. मला फोन केला. "ताई, छातीत जड वाटतंय. दाखवू का? पण परत वजनावरूनच ऐकवतील गं." आणि मी चिडून म्हटलं, "ऐकवणारच. उतरव अजून." फोन ठेवला मी. मंडळी, मीच ठेवला.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. भांडी घासलेली परत घासते. फोन काढून त्याचं नाव बघते, परत ठेवते. त्याला वजनानं नेलं की कशानं, मला ठाऊक नाही. पण तो दवाखान्यात का गेला नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे. लाज वाटली त्याला. ती लाज आपण दिली.

मुक्ता चौदा वर्षांची आहे. अंगानं बापावर गेलीय. काल तेराव्याच्या जेवणात तिच्या पानात दुसरा वडा पडला आणि एक हात मध्ये आला, "पुरे हं." तो हात माझा होता. भाऊ जाऊन तेरा दिवस झाले होते, आणि तरीही माझाच. पोरीनं पान तसंच सोडलं. कालपासून जेवली नाही.

मुक्ता, ये. इथं माझ्याजवळ उभी राहा.

मंडळी, उठा आता. सुहाससाठी दोन मिनिटं शांत राहू. त्यानंतर बोला, त्याच्याबद्दल पोटभर बोला. पण या पोरीच्या पानाबद्दल मात्र आजपासून कायमचं गप्प. सगळ्यांनी.

मी पहिली.