पाळकसाहेबांची जागा

दुकानाच्या परवान्यासाठी शिंपीणबाई रांगेच्या अगदी शेवटी उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक रंगारी आणि त्याच्या पुढे चर्चचे पाळक.

"पाळकसाहेब, रविवारी लाचखोरीवर काय बोललात! हा खिडकीतला कारकून मान खाली घालून ऐकत होता," रंगारी म्हणाला.

"ऐकलं, हेच पुष्कळ."

"नुसतं ऐकलं नाही हो, बदललाच! काल मी सवयीनं पाकीट सरकवलं, तर परत ढकललं. म्हणाला, रांगेत या."

"मग आलास की!"

"आलो, पण पायांचे तुकडे पडले. उपदेश तुमचा, शिक्षा आम्हाला!"

एवढ्यात खिडकीतून हाक आली.

"अहो पाळकसाहेब, तुम्ही कशाला ताटकळता? या इकडे, आधी तुमचं करून टाकतो."

"देव तुमचं भलं करो!"

पाळक कागद सावरत लगबगीनं निघाले.

"पाळकसाहेब!"

"काय रे?"

"काही नाही. येत्या रविवारी कशावर बोलणार?"

पाळक अर्ध्या वाटेत थांबले. खिडकीकडे बघून त्यांनी हात जोडले, मागे फिरले आणि शिंपीणबाईंच्या मागे येऊन उभे राहिले.

"अहो, तुमची जागा तिकडे पुढे होती."

"होती, बाई. मी सोडली."