मुराळी येऊन राहिला

बसा बाई, त्या बाजंवर बसा, मी उभाच बरा, मला आज बसवत न्हाई. हिंगोलीची जीप आली की मला निघायचं हाय, पण ती भरल्याबिगर हालत न्हाई, तवर बोलू. तुमी म्हणता, नवरा एकीकडं अन् बायको एकीकडं अशा घरातलं रोजचं जगणं कसं चालतं ते लिहून राहिल्या, कॉलेजातल्या मोठ्या पुस्तकासाठी. लिहा. पण माझं नाव तुमाला हॉटेलवाल्या सोनबानं सांगलं असंल, अन् हसत हसत सांगलं असंल, म्हशीला फोन लावणारा म्हातारा म्हणून. व्हय, तोच मी. आधी ऐका, मग हसा.

आमी मूळचे इथलेच, गोरेगावच्या शिवारातले. बापाची जमीन थोडी अन् जनावरं जादा. साळंत गेलो दुसरीपर्यंत. एक दिवस मास्तरानं कान पिळला, म्या दप्तर तिथंच ठेवलं अन् घरी आलो. बाप म्हणला काहून आलास, म्या म्हणलं कान माझा हाय. पुन्हा गेलो न्हाई. बापानं मारलं तरी न्हाई, मायनं गूळ हातावर ठेवला तरी न्हाई, गूळ खाल्ला पण गेलो न्हाई. सही येती, तेवढं बस झालं. एकदा न्हाई म्हणलं की न्हाई, अन् ह्याचा मला पस्तावा बी न्हाई, माणसाला एक बोली पाहिजे.

लगीन झालं हट्ट्याच्या पोरीसंग. हट्टा म्हणजे वसमतकडं, हळदीचा मुलूख. घरात आली तवा तिचे हात पिवळे, मला वाटलं लग्नाची हळद, चार दिवसात उतरंल. ती म्हणली ही लग्नाची न्हाई, कामाची हाय, ही उतरायला टाइम लागतो. पयल्याच दिवशी असं तोंडावर बोलली. मला राग आला, अन् बरं बी वाटलं, काय सांगू तुमाला. तिचं नाव विचारू नका. म्या तिचं कधी घेतलं न्हाई, तिनं माझं घेतलं न्हाई, ती म्हणती अवो, मी म्हणतो ऐकलं का, एवढ्यावर सारा संसार निघाला.

हॉर्न वाजला वाटतं. न्हाई, टमटम हाय.

तर तुमाला आधी मुराळ्याचं सांगावं लागंल, त्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. आमच्यात लेकीसुना आपल्या मनानं उठून येत-जात न्हाईत. पंचमीला माहेरी न्यायला तिकडून भाऊ येतो, सासरी आणायला हिकडून दीर जातो, चुलता जातो, जो न्यायला जातो तो मुराळी. त्याला पाय धुवायला पाणी, जेवायला गोड, निघताना टोपी-टावेल, मान असतो त्याचा. पण नवरा जात न्हाई. नवरा गेला तर लोक म्हणतात, ह्याला घरी करमंना. आमच्या घरचा मुराळी म्हणजे माझा धाकला भाऊ. दर साली तोच हट्ट्याला जायचा, तिकडं खाऊनपिऊन गाल वर काढून यायचा, मागं ती, डोक्यावर गठुडं. एक साली तो तापानं पडला अन् ती तिकडंच राहिली. बाप म्हणला जा की रे तू. म्या म्हणलं मी नवरा हाय, मुराळी न्हाई. ज्वारीचं पीठ कालवून प्यालो पण गेलो न्हाई. शेवटी चुलत्याला धाडलं. ती आली, भाकरी टाकली, ताट पुढं सरकावलं अन् म्हणली, पीठ बरं लागलं का. कुणी सांगलं तिला कुणास ठाऊक.

तो भाऊ आता न्हाई. त्याची बायको कांता हाय, शेजारीच, ह्या भिंतीपलीकडं.

आता पोराचं. गजू पुण्याला कंपनीत हाय, सून बी नोकरीला. लेकरू झालं, सुनंची सुट्टी सरली, तर गजू गाडी घेऊन आला अन् म्हणला, बाबा, आईला चार महिने नेतो. म्या म्हणलं ने की, माझं काय आडलंय. तिनं जाताना मला काही सांगलं न्हाई, गोठ्यात गेली, म्हशीच्या कपाळावरून हात फिरवला, तिलाच काहीतरी सांगलं अन् गाडीत बसली. चार महिन्यांचं काय झालं, दोन दिवाळ्या झाल्या. गजू म्हणतो तुमी बी या. मी न्हाई गेलो. पोराच्या घरी जाऊन सोफ्यावर बसायचं, अन् लिफ्टमधी कोणी विचारलं काय करता तर काय सांगू?

पण म्हशीनं वांधा केला. चंद्री तिचं नाव. तिचं रेडकू आधीच मेलेलं, अन् तिला सवय हिच्या हाताची. ही बसली, चार शब्द बोलली की पान्हा सोडायची. ही गेली अन् चंद्रीनं दूध चढवलं. कास दगडावानी टम्म, धारंला बसलो की थेंब न्हाई. सरकी घातली, गूळ घातला, कांतानं बसून बघितलं, न्हाईच. मग म्या, कुणी बघत न्हाई असं बघून, हिचं जुनं लुगडं डोक्यावरून घेतलं अन् बसलो. जनावर वासानं फसतं म्हणतात. चंद्रीनं मान वळवून मला बघितलं, असं बघितलं, की काय लाज वाटली मला. अन् नेमका तवाच सोनबा दुधाचं कॅन घेऊन दारात. तो म्हणला, वहिनी, भाऊ घरी हायत का. तवापासून त्याच्या हॉटेलात मी वहिनीच.

त्याच इरेला पेटून फोन लावला. एरवी मी फोन करत न्हाई, आला तर घेतो. ती घाबरली, म्हणली अवो काय झालं. म्या म्हणलं मला काही झालं न्हाई, म्हैस दूध देईना, तिच्यासंग बोल. अन् फोनचा आवाज मोठा करून चंद्रीच्या कानाशी धरला. ती म्हणली, चंद्रे, काय ग माय, आसं करतात का. एवढंच. चंद्रीनं कान हालवला, रवंथ थांबवलं, अन् खाली बघतो तर कास ढिली. दूध उतरलं, बाई. म्या एका हातानं फोन धरला अन् एका हातानं धार काढली, चरवी गुडघ्यात.

तवापासून सकाळ-संध्याकाळ धारंच्या टायमाला फोन. तुमी विचारता दोघं काय बोलता. काहीच न्हाई बोलत. ती चंद्रीसंग बोलते, मी धार काढतो. चंद्रे, खाल्लंस का. चंद्रे, थंडी पडली, आंगावर घेतीस का न्हाई. चंद्रे, इथं नळाला पाणी एकच टाइम येतं, नात बोबडं बोलती, मला खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसती. पयले पयले मला वाटलं हिला म्हशीचं लईच. मग एक दिवस ती म्हणली, चंद्रे, गोळी घेतलीस का बीपीची. म्या हात थांबवला. आता म्हशीला कसली आली बीपीची गोळी? पण मी बी वस्ताद, म्या म्हणलं, घेतली म्हणती. तर ती म्हणली, खोटं बोलती ती, तिला म्हणावं आत्ता घे, मी थांबते. उठलो, आत गेलो, घेतली. असं चालायचं. चंद्री म्हणती गुडघा दुखतो. चंद्रे, लसूण टाकून तेल चोळ. चंद्री म्हणती औंदा तूर बरी हाय. एकमेकाला एक शब्द न्हाई, सारं म्हशीच्या तोंडून.

आली का? त्या वळणावर बघा जरा, तुमची नजर तरणी हाय. ट्रॅक्टर. बरं.

मग चंद्री गाभण राहिली, अन् महिने भरत आले तशी आटली. आता धारच न्हाई तर फोन कशाचा? पयल्या दिवशी संध्याकाळी चरवी घेऊन गोठ्यात गेलो, रिकामी घेऊन आलो. सोनबाच्या हॉटेलात जाऊन बसलो, उठलो, कांताच्या दारात उभा राहिलो, ती म्हणली काय पाहिजे भाऊजी, म्या म्हणलं काही न्हाई. पुन्हा गोठ्यात. दुसऱ्या दिवशी टायमाला फोन लावला, चंद्रीच्या कानाशी धरला, अन् रिकाम्या चरवीवर बोटं वाजवली, धारंचा आवाज यावा म्हणून. हसा, आता हसा. सोनबाला कळलं, तो म्हणला, वहिनी, आटल्या म्हशीचं कसलं दूध काढून राहिल्या? म्या म्हणलं, तुझ्या चहात असतं तसलं.

पण ती हट्ट्याची. जनावरात जन्म गेला तिचा, म्हैस कवा आटती हे तिला मी सांगावं का? आठेक दिवस ऐकून घेतलं, मग म्हणली, चंद्रे, तुझे दिवस भरत आले, आता कसलं ग दूध. माझी बोटं चरवीवर तशीच. मग हळू आवाजात म्हणली, चंद्रे, नात आता बालवाडीत जाती, सुनंनं बाई लावली हाय, माझं इथलं काम सरलं. मला न्यायला कोणी मुराळी न्हाई बघ. न बोलावता येणारी मी न्हाई. अन् फोन ठेवला.

तवापासून माझी झोप गेली. मला वाटायचं ती पोराच्या घरी गेली, माहेरी थोडीच, तिथं मुराळी कशाला, मन झालं की येईल. अन् ती तिकडं दोन साल वाट बघत बसलेली, न्यायला कोण येतं म्हणून. मी म्हणतो ती येईल, ती म्हणती मुराळी येईल. पुतण्याला सांगलं जा, त्यानं तिकडं फोन केला, ती म्हणली तुझ्यासंग येत न्हाई, तू कालचं पोरगं. गजू म्हणला ट्रॅव्हल्समधी बसवून देतो, ती म्हणली मी काय पार्सल हाय? दीर तर वर गेला. मग राहिलं कोण? गोठा, पार, हॉटेल, पुन्हा गोठा, माझं असं चालू. कांतानं एक दिवस भिंतीवरूनच म्हणलं, भाऊजी, चपला झिजवून राहिले तेवढ्यात पुणं आलं असतं. माझी बोली माझ्याच आडवी आलेली. साऱ्या गावासमोर म्हणलेलं हाय म्या, नवरा हाय, मुराळी न्हाई.

परवा सकाळी चंद्री व्याली. वगार झाली, काळीशार, कपाळावर चांदका. वगार तोंड लावती अन् चंद्री पान्हा सोडती, आता फोनचं कामच न्हाई, कांताला बी धार देती. मी मोकळा झालो, अन् मोकळं झालो तसं जास्तच बसवंना. फोन लावला. ती म्हणली, चंद्रे, सुटलीस का नीट. म्या म्हणलं सुटली म्हणती, वगार हाय. ती म्हणली चीक कुणाकुणाला दिला. म्या सांगलं, कांताला, सोनबाला, मारुतीला. ती म्हणली, मला ठेवला का म्हणावं. म्हणलं, वड्या करून डब्यात भरल्यात.

वगार ढुसण्या मारून राहिली. म्या चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणलं, चंद्री म्हणती, मुराळी येऊन राहिला.

तिनं विचारलं, कोण?

म्या म्हणलं, तिला काय ठाऊक, जनावर हाय ते. येईल तवा दिसंल.

तिकडून नातीचं बोबडं ऐकू आलं. मग ती म्हणली, मुराळ्याला म्हणावं, इथं थंडी हाय, स्वेटर आण. अन् बीपीची गोळी इसरू नको.

ती आली जीप. आता येती का न्हाई ते मला ठाऊक न्हाई, बाई, नातीनं पदर धरला तर काय सांगावं. न्हाई आली तर पाय धुवून, जेवून, टोपी-टावेल घेऊन परत येतो, मुराळ्याला मान असतो. ती पिशवी द्या जरा, डबा आडवा करू नका, चिकाच्या वड्या हायत. तुमचं पुस्तक पुरं व्हवो माय, अन् तुमाला न्यायला येणारा चांगला भेटो. सोनबा बघून राहिला तिकडून, बघू द्या. गोळ्यांचं पाकीट ह्या खिशात हाय, बघितलं म्या.