पाटाचं स्थळ

(देवळाली प्रवरा. बहात्तरचा दुष्काळ. उसाच्या फडात, मोळ्या बांधता बांधता.)

आबासाहेब : एकदम नाही म्हणू नका, रंगूबाई. पुतण्या माझा निर्व्यसनी आहे. त्याची बायको गेली, तुमची लंकाही कपाळ पुसून बसलीय. रीतीनं पाट लावून देऊ.

रंगूबाई : नगं, मालक. दुस्काळात पोर इकली म्हन्तील जामखेडात. आन ह्यो सबुद आमच्या घराला लाभत न्हाई.

आबासाहेब : कोणता?

रंगूबाई : पाट. म्या परकरात व्हते. कासार आला बांगड्या घिऊन. माज्या बाला म्हन्ला, पोरीला पाटाचं स्थळ हाय. बा उठला काठी घिऊन! कवारी पोर माजी, आन पाट लावायचा? रांडाव हाय का ती?

आबासाहेब : अहो, पाटाचं म्हणजे कालव्याचं! पाटपाण्याचं गाव!

रंगूबाई : आमाला काय ठावं? आमच्याकडं पाट म्हंजी एकच. पानी तर आबाळातनं यायचं. समद्या बांगड्या फोडल्या बानं. म्या दाराआडून हासत व्हते, बघा.

आबासाहेब : कासाराच्या डाव्या डोळ्यात फूल होतं?

रंगूबाई : …तुमाला कसं ठावं?

आबासाहेब : नवरदेव मी होतो.

रंगूबाई : आगं बया!

आबासाहेब : लाजेनं कासारानं खरं काय घडलं ते सांगितलंच नाही. एवढंच म्हणाला, तिकडं पाट चालत नाही. आम्हाला वाटलं, हिवतापाला भ्याले. तेव्हा कालव्याकाठी पोरगी देत होतं कोण? घरोघर माणसं कुडकुडत पडलेली. म्हणून तर इतक्या लांब माणूस धाडला. तुमच्याकडं ज्वारीची पेवं भरलेली…

रंगूबाई : व्हय, लई तोरा व्हता. हुरड्याला पाव्हनं मावत नसायचं.

आबासाहेब : मग त्याच पाण्यावर ऊस आला, गुऱ्हाळं आली, कारखाना आला…

रंगूबाई : आन आमी आलो. कोयता घिऊन.

आबासाहेब : (मान खाली घालून) आणा, ती मोळी मी बांधतो.

रंगूबाई : तोंड पाडू नका, मालक. बांगड्या मातुर लई झ्याक व्हत्या. हिरव्यागार.

आबासाहेब : पुतण्याला काय सांगू मग?

रंगूबाई : बानं हाकललं तसं म्या न्हाई हाकलायची. पर व्हय म्हननारी बी म्या कोन? …लंके! ए लंके! कोयता ठिव खाली. हितं बस जरा. तुला येक इचारायचंय. …पानी पी आदी.