राणी बाहेरून

व्हाकोआ गावच्या बसथांब्यावर, रांगेत चंद्रावतीच्या पुढं सरकारी कारकून कृष्णदेव बायकोला, बसंतीला, लंडन समजावत होता.

"पहिल्या दिवशी राणीचा वाडा बघू."

"आत सोडतात?"

"आत नाय गं, फाटकाबाहेरून."

"आन् मग?"

"पार्लमेंट. तेही बाहेरून. पण त्याचं घड्याळ केवढं!"

"इथल्या गव्हर्नरचा बंगला बाहेरूनच बघितलाय मी. घड्याळ घरात हाय."

"आयो! एवढी लांब रजा मिळालीय, लंडन नाय बघितलं तर ऑफिसात काय सांगू?"

"तुम्ही जावा. मी मोंतान्य ब्लांशला आईकडं ऱ्हाते. तीन वर्सं नेलं नाय तुम्ही. ती मला आत घेते."

मोंतान्य ब्लांशची बस आली. बसंती एकटीच चढली.

चंद्रावतीला हसू आवरेना. कृष्णदेव वळून तिला म्हणाला, "तिला इंग्रजी येत नाय ना, म्हणून घाबरते."