न वाजवता नेलेलं मडकं

तुमी मघाशी विचारलं ना, फाटकापाशी कुंड्यांची बाहुली बसवलीय, तिला डोकं कावून न्हाई? घ्या चहा, सांगतो.

आमच्या हिला लई नाद होता. मातीच्या कुंड्या तारेत ओवून हात-पाय-पोट करायची, वर एक मडकं बसवून त्यावर नाक-डोळे रंगवायची. सामान आणायला मी, माजलगावला सखाराम कुंभाराकडं. एकेक कुंडी बोटानं वाजवून घ्यायचो, कारण चीर गेलेली आणली की ही घर डोक्यावर घ्यायची.

एकदा म्हणलो, "सखाराम, माझ्या टकटकीला वैतागत असशील."

तो हसला. "वाजवा की, गुरुजी. न वाजवता मडकं नेतेत ते एकाच कामाला."

ह्या बाहुलीचं धड झालं तवा ही म्हणली, "डोक्याला मडकं आणा, चांगलं गोल बघून." म्हणलो, सोमवारी आणतो.

सोमवारी गेलो. शेजारी म्हणत होते, तुमी नका जाऊ, आमी आणतो. पण सखारामाकडं दरवेळी मीच गेलतो.

त्यानं लांबूनच हाक मारली, "या गुरुजी! बाहुलीचं डोकं राहिलंय ना? घ्या, वाजवून बघा."

मी हाताला आलं ते मडकं उचललं आणि तसाच वळलो.

मागं त्याचं चाक थांबलं.

"गुरुजी... कोण?"

म्हणलो, "डोकं रंगवणारी."