चाळीस पोत्यांचं कडवं

(चिखली तालुक्यातलं एक गाव, १९६९चा हिवाळा. झुंबरबाईंच्या ओसरीवर विमलबाई वही उघडून बसल्या आहेत. त्या चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. माजी सरपंच माणिकराव न बोलावता आले आहेत.)

माणिकराव : पाचवं कडवं खोडा, बाई. माह्या डोयासमोर खोडा, मंग मी चाललो.

विमलबाई : खोडता येणार नाही, माणिकराव. झुंबरबाईंनी जसं म्हटलं तसं उतरवलंय.

झुंबरबाई : मी सांगतलं होतं ना बाई तुमाले. हे गाणं इथी म्हटलं, का भाऊजी तथून निंघालेच.

माणिकराव : वयनी, मी तुमच्यासंग नाई बोलून राह्यलो. मी सरकारी माणसासंग बोलून राह्यलो.

विमलबाई : मी सरकारी नाही. शाळेतर्फे जिल्ह्यातल्या गाण्यांचा संग्रह करतो आहोत, एवढंच.

माणिकराव : तर मंग भुलाबाईचे लिवा. लग्नातले लिवा, पाळण्याचे लिवा. हे काय गाणं हाय? सरकारनं ज्वारीची लेव्ही लावली. गावोगाव मोटरी फिरल्या, लोकायच्या घरची ज्वारी उचलून नेली. बाया मोर्चा घेऊन चिखलीच्या कचेरीवर गेल्या. बराबर केलं. पण गाण्यात नाव कोणाचं? माहं. लेव्ही काय मी लावली?

झुंबरबाई : मोटरच्या पुढं कोण चालत होतं मंग?

माणिकराव : सरपंच होतो, वयनी. घरं दाखवाले कोणी तरी लागते.

झुंबरबाई : थेच तर म्हटलं गाण्यात.
काळी मोटर आली दारी, मानिकराव पुढं गेला,
आमच्या कोठीचा दाना यानं सायबाले देल्ला.

माणिकराव : पाहा. अजूनबी गळा कसा लागते पाहा. सात कडवे मले मंजूर हायेत, बाई. माह्या नावानं हायेत तरी मंजूर. पाचवं नाई.

विमलबाई : वाचू का मी?
चाळीस पोते गेले, गावच्या धन्यानं नाही पुसलं,
रित्या कोठीच्या तोंडाशी पाखरू येऊन बसलं.

माणिकराव : चाळीस. गेले किती? चौदा. पंचनाम्यात चौदा, पावतीवर चौदा. साहेबानं चाळीस मागतले होते. मी कचेरीत जाऊन दिवसभर त्याच्या पुढं बसलो, हात जोडले, भांडलो, चौदावर आणले. सव्वीस पोते वाचवले अन् गाण्यात चोर झालो. निवडणुकीत समोरच्या पक्षाच्या लोकायनं हे कडवं कागदावर छापून वाटलं. मी पडलो. खामगावच्या बाजारात गेलो तर दलाल म्हणते, चाळीस पोतेवाले काय? शेगावले दर्शनाच्या रांगेत उभा होतो, मांगून कोणी तरी गुणगुणून राह्यलं. मी मांगं पाह्यलंबी नाई.

झुंबरबाई : पाह्यलं असतं तर मीच दिसली असती.

माणिकराव : तुमी होत्या?

झुंबरबाई : देवाच्या दारी खोटं काऊन बोलू?

विमलबाई : माणिकराव, हे गाणं गाळा असं सांगणारे तुम्ही पहिले नाही. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, सरकारविरुद्ध आहे, अख्खंच गाळा. विरोधी पक्षाचे एक गृहस्थ शाळेत येऊन गेले. ते म्हणतात, पाचवं तेवढं मोठ्या अक्षरांत घ्या, बाकीची सात गाळा.

झुंबरबाई : अन् भाऊजी म्हणतात सात ठेवा, पाचवं गाळा. बेस हाय. वांग्यावानी झालं माह्या गाण्याचं. जो येते थो आपल्या कामाची फोड मांगते.

माणिकराव : मंग न्याय काय, थे तुमीच सांगा, बाई.

विमलबाई : प्रयोगाच्या वहीत दोन पानं असतात. उजव्या पानावर जे घडलं ते. डाव्या पानावर आकृती, शंका, बाकीचं. तसंच इथं. उजव्या पानावर गाणं, ऐकलं तसं. डाव्या पानावर त्याबद्दल कोण काय म्हणतं ते, नावानिशी. पंचनामा चौदाचा, हे डावीकडे येईल. तुमचं म्हणणंही येईल.

माणिकराव : डावं पान कोण वाचते?

झुंबरबाई : तुमी वाचसान ना. रोज सकाळी.

विमलबाई : आणि झुंबरबाई, तुम्हालाही विचारते. चौदा होती हे माहीत असताना चाळीस का म्हटलंत?

झुंबरबाई : चौदा चालीत नाई बसत. चाल आखूड पडते.

विमलबाई : मी मोजून पाहिलं. 'चौदाच पोते' म्हटलं की बरोबर बसतं. एक मात्राही कमीजास्त होत नाही.

झुंबरबाई : तुमी गाणं मोजलं?

विमलबाई : सवय आहे.

माणिकराव : वा, बाई. ठाणेदारालेबी हे नाई सुचलं. मोर्चाच्या वक्ती ठाण्यात वयनीनं सांगतलं, गाणं माहं हाय, कडवे माहे हायेत, मले धरा.

झुंबरबाई : धरलं ना. दिवसभर बसवलं, दोन खेपा चहा पाजला. माहेरीबी एवढं कोणी बसू देत नाई.

विमलबाई : आठही कडवी तुमचीच?

झुंबरबाई : हाव.

विमलबाई : तुम्हीच तर मघाशी म्हणालात, की गाणं कापूस वेचताना झालं. बाया रांगेनं पात धरतात, एक जण ओळ टाकते, बाकीच्या उचलतात, मग पुढची टाकते.

झुंबरबाई : म्हटलं असन. मी लय बोलते.

माणिकराव : म्हणजे पाचवं कोण्या दुसरीचं हाय. लिवा, बाई. डाव्या पानावर तिचं नाव लिवा. माहं नाव तीन साल गावात फिरून राह्यलं, तिचं एकदा फिरू द्या. न्याय म्हणता ना?

झुंबरबाई : मी नाव सांगणार नाई. ठाण्यात नाई सांगतलं, अन् वहीले काय सांगू?

विमलबाई : नाव नका सांगू. मला आकड्याचं कोडं आहे. माणिकराव, साहेबांनी चाळीस पोती मागितली, ती चावडीवर, सगळ्यांसमोर?

माणिकराव : नाई, नाई. चावडीवर सांगतलं असतं तर दंगाच झाला असता. माह्या ओसरीवर सांगतलं. मी अन् साहेब, दोघंच. तिसऱ्या कानाले ठाऊक नाई. दुसऱ्या रोजी मी कचेरीत गेलो, अन् चौदाचा कागद घेऊनच गावात आलो.

विमलबाई : म्हणजे गावानं ऐकला तो आकडा चौदाच.

माणिकराव : चौदाच.

विमलबाई : मग कपाशीच्या रांगेत चाळीस आले कुठून?

माणिकराव : थेच तर मी म्हणून राह्यलो. खोटं.

विमलबाई : खोटं बोलायचं तर माणूस पन्नास म्हणेल, शंभर म्हणेल. नेमके साहेबांनी मागितले तेवढेच कसे? ओसरीवर तुम्ही दोघंच होतात?

माणिकराव : दोघंच.

विमलबाई : चहा झाला असेल ना साहेबांचा?

माणिकराव : झाला ना. दुधाचा झाला.

विमलबाई : आणला कोणी?

माणिकराव : चहा काय, घरातून आला.

झुंबरबाई : आपल्या पायानं चालत आला असन.

विमलबाई : आणखी एक गोष्ट मला लिहिताना दिसली. सात कडव्यांत 'माणिकराव' असं नाव घेतलंय, स्पष्ट. पाचव्यातच नाही. तिथं 'गावचा धनी' म्हटलंय. मला वाटलं, उतरवताना माझंच चुकलं. झुंबरबाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं.

माणिकराव : वयनी.

झुंबरबाई : काय?

माणिकराव : गाणं झालं त्या दिवशी वेचणी कोणाच्या वावरात होती?

झुंबरबाई : तुमच्याच.

माणिकराव : अन् रांगेत आमच्या घरची...

झुंबरबाई : रुखमा माह्या बाजूच्या पातीवर होती. मी काई सांगतलं नाई, बाई. हे तुमी लिवा. मी नाव सांगतलं नाई, भाऊजीनं विचारलं का बाजूले कोण होतं, थे सांगतलं.

विमलबाई : लिहिते.

माणिकराव : लिवू नका. थांबा जरा. तिले तर ठाऊक पायजे ना चौदा होते म्हणून. साऱ्या गावाले ठाऊक होतं.

झुंबरबाई : तुमी सांगतलं तिले?

माणिकराव : चावडीवर सांगतलं. पोलिसाले सांगतलं. भाषणात सांगतलं.

झुंबरबाई : घरी?

माणिकराव : घरी काय सांगाचं असते अशा गोठीत?

झुंबरबाई : त्या चौदात तुमच्या घरचे किती होते?

माणिकराव : पाच. सरपंचानं आधी आपले देले पायजे का नाई? लोकायच्या दारात कोण्या तोंडानं जाऊ?

झुंबरबाई : दरवाजामांगून तिनं चाळीस आयकले. मंग आंगणातून पाच पोते जाताना पाह्यले. बियाण्याचं पोतं त्यातच गेलं. कणीस कणीस पाहून निवडलं होतं तिनं, राख लावून ठेवलं होतं. मांगून मी म्हटलं तिले, अवं रुखमा, चौदाच गेले म्हणतात. तर म्हणे, मले कोणी सांगतलं नाई, मी कोठी पाह्यली.

माणिकराव : मी तिले सांगतलं असतं.

झुंबरबाई : तीन साल हायेच ना मंग. कागद छापून वाटला तवा रडली ते. तुमी पडल्यावर मले म्हणे, वयनी, त्यायनं येऊन नुसतं सांगतलं का चौदा होते, तर मी कडवं बदलीन. तवापासून वाट पाहून राह्यली. मी तर ठाण्यातबी जाऊन आली, पण तुमच्या ओसरीवरून आतल्या खोलीत चौदाची गोठ काई गेली नाई.

माणिकराव : बाई, तुमी म्हणत होत्या चौदाच पोते बसते म्हणून.

विमलबाई : बसतं.

माणिकराव : मंग मी घरी जाऊन येतो. तुमी वही मिटू नका.

विमलबाई : थांबा, माणिकराव. माझी एक विनंती आहे. कडवं ज्यांनी टाकलं त्यांच्या तोंडून मला ते उतरवून घ्यायचंय. त्यांची परवानगी असेल तर. नाव लिहायचं की नाही, तेही त्याच ठरवतील. तुम्ही आधी जाऊन सांगितलंत तर कडवं बदलेल. मग तीन वर्षं जे गायलं गेलं ते मला मिळणार नाही. नवं कडवं आजच्या तारखेनं खाली वेगळं लिहीन, पण जुनं आधी ऐकायला हवं.

माणिकराव : म्हणजे मी आपल्याच घरी जाऊ नको?

विमलबाई : अर्धा तास.

झुंबरबाई : तीन साल सांगाले नाई गेले, अन् आता पाय खाजून राह्यले.

माणिकराव : मी समोर असलो तर ते गाणार नाई. तोंडालेच पदर लावन.

विमलबाई : म्हणूनच म्हणते.

माणिकराव : वयनी, तुमी बाईले घेऊन जा. म्हणा, मी खामगावले गेलो.

झुंबरबाई : मी खोटं नाई बोलणार. गावात हाय म्हणन, कुठी थे मले ठाऊक नाई.

माणिकराव : बरं. आमच्या ओसरीवरच बसवा बाईले. आत नका नेऊ.

विमलबाई : का?

माणिकराव : मी मांगून गोठ्यात येऊन बसतो. तथून ओसरीवरचं सारं आयकू येते. मोर्चात आयकलं, बाजारात आयकलं, लोकायच्या तोंडून लय आयकलं बाई थे. तिच्या तोंडून नाई आयकलं कधी.