दाट टाकलेल्या पेशी

ताईच्या हळदीच्या आदल्या दिवशी घरी पोहोचायचं, एवढाच रुचिकाचा फायदा होता. तलासरीच्या बसमध्ये तिच्या आणि हिरकणीमामीच्या मागे बसलेल्या गावच्या हिशोबी तात्यांनी तो ऐकताऐकताच मनातल्या वहीत मांडून ठेवला.

"प्रयोगशाळेतली बाटली पेशींनी भरली की सुट्टी, असं सर म्हणाले. म्हणून मी दुप्पट टाकल्या, मामी."

"राबात भाताचं बी टाकतो तशा?"

"तशाच. लवकर भरली, सुट्टी मिळाली. आज मैत्रिणीने पेशी उबेत ठेवायच्या मशीनमधला फोटो पाठवला. तिच्या बाटल्या ठीक आहेत. माझ्या बाटलीत जागा संपली, खाणं संपलं, पाणी पिवळं पडलं, सगळ्या मेल्या."

"दाट राबातली रोपंही पिवळीच पडतात. मग कमी टाकायच्या."

"मागे टाकल्या होत्या. वाढल्याच नाहीत."

"एकटंदुकटं कोण वाढतं? शेजार लागतो. मापात टाकायचं गं. सरांना काय सांगणार?"

"मशीन बंद पडलं."

"मग त्याच मशीनमधल्या मैत्रिणीच्या बाटल्या कशा जगल्या?"

रुचिकाने सरांना फोन लावला.

"सर, पेशी मीच दुप्पट टाकल्या. हो सर. उद्या सकाळी? बरं, सर."

"उद्या तर हळद."

"नव्याने टाकायला बोलावलंय."

चारोटीला रुचिका परतीच्या बससाठी उतरली. तात्यांनी हिशोब मिटवला: चूक भाचीची, आणि हळदीत तिच्या वाटचा नाच मामीच्या दुखऱ्या गुडघ्यांवर.